कुलपं उघडणारी माझी अक्का

अक्का, तुझं पार्सल आलं. शुक्रवारी, दुपारी बाराच्या सुमारास. तुला जाऊन सहा दिवस झाले होते. कुरिअरवाला नेहमीचाच, तो चष्मेवाला. "ओटीपी सांगा," म्हणाला. ओटीपी तुझ्या फोनवर गेलेला आणि तुझा फोन गंगाखेडला, आपल्या भावाच्या, अण्णाच्या शर्टाच्या खिशात. मी अण्णाला फोन लावला. तो म्हणाला, "अक्काच्या फोनवर कायतरी आकडे आलेत आत्ताच." मग त्यानं एकेक आकडा पाढे म्हणावेत तसा वाचून दाखवला. मी तो पुढं सांगितला आणि खोकं हातात घेतलं.

"काय मागवलं होतं तिनं?" अण्णानं विचारलं.

"किसणी," मी म्हणाले.

तू गेल्यावरही मी तुझ्या पार्सलबद्दल खोटंच बोलले. इतक्या वर्षांची सवय.

मला अजून रडू आलेलं नाही. शेजारच्या बायका येतात, हात धरतात, "रडून घे, मोकळी हो," म्हणतात. मी त्यांना चहा विचारते. दूध आणते, पाण्याची मोटर वेळेवर लावते, वेळेवर बंद करते. परवा धुणं वाळत घालताना दोरीवरचे चिमटे मोजले, एकवीस भरले. का मोजले माहीत नाही.

माती दिली त्या दिवशीही असंच. आपल्या लिंगायतांत बसवून माती देतात हे मी लहानपणापासून बघत आलेय, आईचं बघितलं, अप्पांचं बघितलं. तुला बसवलं, कपाळाला भस्म लावलं, तुझ्या गळ्यातलं इष्टलिंग तुझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. बाया हुंदके देत होत्या आणि मी तुझी बोटं बघत होते. अंगठ्याजवळचा तो टणक झालेला भाग, तारा धरून धरून झालेला. माझी रेणू सगळ्यांच्या मागं उभी होती. मूठभर माती टाकायला पुढं आली, टाकली आणि तुझ्या तोंडाकडं न बघता मागं गेली. ती ज्या कारणानं बघत नव्हती ते खरं नव्हतं, हे तिथल्या एवढ्या माणसांत फक्त मला माहीत होतं.

तुझा हा नाद सुरू झाला तू शाळेतून निवृत्त झालीस त्या वर्षी. राणीसावरगावच्या शाळेत चौथीला गणित शिकवून आलेली तू, अण्णाच्या घरातल्या मागच्या खोलीत कायमची राहायला आलीस. दोन महिन्यांत लोखंडी कपाटाची चावी हरवली. चावीवाला आला, दोन तारा घालून पाच मिनिटांत कपाट उघडून मोकळा झाला. तू त्याला म्हणालीस, "परत एकदा करून दाखवा की." तो हसला. "बाई, हे बायांचं काम न्हाई." मला फोनवर हे सांगताना तुला राग आलेला नव्हता. नवा धडा मिळाल्यासारखी तू खूश होतीस.

पंधरा दिवसांनी माझ्या पत्त्यावर पहिलं पार्सल. आत एक काचेसारखं पारदर्शक कुलूप आणि डॉक्टरच्या पेटीत असावीत तशी बारीक हत्यारं. एक वाकडं, एक करवतीच्या दातांचं, एक नुसतीच चपटी पट्टी. अण्णाच्या घरी ते मागवता येणार नव्हतं. बाजारपेठेत दुकान असलेल्या माणसाच्या घरात असली हत्यारं सापडली तर लोक काय म्हणतील, हे तो कुणी न म्हणताच म्हणायचा. म्हणून माझं घर. तू सकाळच्या पॅसेंजरनं परभणीला यायचीस, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसायचीस आणि मी भाकऱ्या थापेपर्यंत ते कुलूप उघडायचीस, लावायचीस, परत उघडायचीस. "बघ मंगे, ही खालची पट्टी नुसता ताण धरते. वरच्या तारेनं एकेक पिन उचलायची. जोर लावला की संपलं." मला काही दिसायचं नाही. मी "हं, हं" करायचे.

ह्यांना मात्र भीती वाटली. "उद्या गल्लीत चोरी झाली तर पोलिस पहिल्यांदा आपल्या घरी येतील," म्हणाले. त्यावर तू काय केलंस? कोऱ्या कागदावर अर्ज लिहिलास, 'मी सेवानिवृत्त शिक्षिका असून छंद म्हणून कुलपे उघडण्याचा अभ्यास करते,' आणि मला बरोबर घेऊन सरळ ठाण्यात गेलीस. मी दारातच घामाघूम. जमादारानं अर्ज दोनदा वाचला.

"मावशी, आमच्या साहेबाच्या टेबलाचा ड्रॉवर अडकलाय. देता का उघडून?"

"साहेबांनी लिहून दिलं तर देते."

"आता ड्रॉवरसाठी काय लिहून मागायलात?"

"कुलूप ज्याचं त्याची परवानगी लागते. त्याबिगर मी हात लावत न्हाई."

जमादार लय हसला, पण पोच म्हणून शिक्का मारून दिला. तो कागद तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवलास. गेल्या आठवड्यात तुझी पर्स आवरली तेव्हा तो होता. घड्यांवर फाटलेला.

पण तुझं मन पिनच्या कुलपांत फार दिवस रमलं नाही. आपल्याकडची जुनी, जड कुलपं लिव्हरची, आत पिनांऐवजी सरकत्या पट्ट्या असलेली, आणि ती उघडायचं साहित्य साध्या संचात मिळत नाही. ते बाहेरच्या देशातला कुणी कारागीर हातानं बनवतो असं तू शोधून काढलंस. म्हणजे रेणूनं शोधून दिलं. खातं तिनं उघडून दिलं, पैसे भरायचं तिनं शिकवलं. मावशी-भाची दोघी एका मोबाइलवर डोकं लावून बसायच्या. एकदा सामान कस्टममध्ये अडकलं आणि 'हे कशासाठी मागवताय' असं विचारणारा मेल आला. तू म्हणालीस, "लिही, आनंदासाठी."

"अक्कामावशी, कस्टमवाल्यांना असं लिहीत नसतात."

"मग काय खोटं लिहू?"

शेवटी रेणूनं 'छंद व अभ्यास' लिहिलं. सामान सुटलं. ते आलं त्या दिवशी तुम्ही दोघींनी माझ्या घरातलं दारापासून कोठीपर्यंत एकूण एक कुलूप उघडलं, आणि प्रत्येक वेळी "मालकीणबाई, परवानगी हाय का?" असं मला ओरडून विचारलं. मी कणीक मळता मळता "हाय, हाय" म्हणत होते. त्या दिवशी कंटाळून म्हणालेही होते की आता पुरे झालं.

रेणू नांदेडला शिकायला गेली तेव्हा तू तिला एक कुलूप दिलंस. "सात लिव्हरचं हाय. सहजासहजी उघडायचं न्हाई. दोन्ही चाव्या तुझ्याजवळच ठेव, आईजवळ पण देऊ नको. माणसाचं स्वतःचं म्हणून काहीतरी पायजे." मी तिथंच उभी होते. मला ते लागलं. तुला कधी बोलले नाही.

मग दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत रेणू घरी आली ती वाळून काटकी झालेली. दिवसा झोपायची. जेवण ताटात तसंच. विचारलं की "काही न्हाई आई." पलंगाखाली तिची पत्र्याची पेटी आणि तिला तुझं कुलूप. सुट्टी संपल्यावर ती परत गेली, पेटी इथंच राहिली. आणि मी तुला बोलावून घेतलं.

त्या दिवशीचं आपलं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतंय.

"अक्का, तेवढी पेटी उघडून दे."

"चाव्या रेणूकडं हायत ना?"

"म्हणून तर तुला म्हणायले."

"न्हाई मंगे."

"अगं, पोरगी सुकायलीय. काय भानगड हाय, कळाया नको?"

"मग तिला इचार."

"सांगत न्हाई ती."

"सांगेपर्यंत इचार. तिच्याजवळ जाऊन बस. पण तिच्या कुलपाला मी हात लावणार न्हाई."

तेव्हा मी दोन गोष्टी बोलले. पहिली, "माझ्या पत्त्यावर, माझ्या जिवावर एवढी हत्यारं मागवलीस, माझ्या एका कामाला आली न्हाईत." हे तू ऐकून घेतलंस. दुसरी, "तुला पोर असतं म्हणजे कळलं असतं." तू कप खाली ठेवलास. चहा अर्धा होता. पर्स घेतलीस आणि गाडीला दीड तास अवकाश असताना स्टेशनवर निघून गेलीस.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून एक चावीवाला बोलावला. पोरीची चावी हरवलीय म्हणून सांगितलं. तो कोरी चावी कुलपात घालायचा, फिरवायचा, बाहेर काढून कानशीनं घासायचा, परत घालायचा. दोन तास लागले त्याला. "लय भारी कुलूप हाय," म्हणाला. पेटीत एका डॉक्टरची फाइल होती आणि गोळ्यांच्या संपलेल्या पट्ट्या. मी मेडिकलवाल्याला पट्टी दाखवली. तो हळू आवाजात म्हणाला, "मनाच्या आजाराची हायत ताई. घाबरायचं काम न्हाई, पण मधेच बंद करू देऊ नका." मी सगळं होतं तसं ठेवलं, कुलूप लावलं आणि ती नवी चावी नालीत टाकली.

कुणाला कळलं नसतं. पण रेणू पुढच्या खेपेला आली आणि सकाळी चहा देताना माझ्या तोंडून निघून गेलं, "गोळी घेतलीस का गं?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुला कसं माहीत?"

मी पातेल्यातला चहा ढवळत राहिले.

"पेटी उघडली? चाव्या तर माझ्याजवळ हायत दोन्ही." आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. "अक्कामावशीनं उघडली ना?"

अक्का, मी हो म्हणाले नाही. आजवर मी स्वतःला हेच सांगत आले, की मी हो म्हणाले नव्हते. मी नाही म्हणाले नाही, एवढंच. चहा गाळला आणि कप तिच्यापुढं ठेवला.

तिनं तुला काय मेसेज पाठवला तो तू मला नंतर दाखवलास. 'तू असं करशील असं वाटलं नव्हतं. मला परत फोन करू नको.' दुसऱ्या दिवशी तू पहिल्या गाडीनं आलीस. रेणू परत गेली होती. तू पाय धुतलेस, देवापुढं बसलीस, मग स्वयंपाकघरात आलीस.

"कुणी उघडली?"

"चावीवाल्यानं."

"आत काय होतं ते मला सांगू नको," तू घाईनं म्हणालीस, मी सांगायला तोंड उघडलं होतं म्हणून. "तिला सांग की अक्कानं उघडली न्हाई."

"तूच सांग की. तुझ्यावर आळ आलाय."

तू पाटावर बसलीस. मग म्हणालीस, "मी सांगितलं तर ती तुला धरील. आत्ता पोरगी बरी न्हाई, एवढं मलाबी दिसतंय. आईवरचा इश्वास गेला तर कुठं जाईल ती? मावशी एक गेली तर चालतंय थोडे दिवस. पण थोडेच दिवस, मंगे. तू तुझ्या तोंडानं सांग."

"परीक्षा होऊ दे. सांगते."

परीक्षा झाली. दिवाळी झाली. दिवाळीत रेणू मामाच्या घरी आली नाही, आणि वहिनीनं फोन करून कारण विचारलं तेव्हा ह्यांनी सांगून टाकलं, की अक्कानं रेणूची पेटी उघडली म्हणून पोरगी रुसलीय. मी शेजारीच होते. लसूण सोलत होते.

त्याच आठवड्यात अण्णा तुला सगळ्यांसमोर ताटावर बोलला. भाचीच्या पेट्या उघडणारी बाई म्हणाला. असली कामं करायची असतील तर या घरात राहू नको, म्हणाला. तू मला ते फोनवर सांगितलंस, तक्रार म्हणून नाही, बातमी सांगावी तसं. आणि शेवटी विचारलंस, "सांगितलंस का गं रेणूला?"

"सांगते, अक्का."

ती दुसरी वेळ होती. त्यानंतर तू विचारलं नाहीस. आपण फोनवर बोलायचो, गुडघे, तुरीची डाळ, कुणाकुणाची लग्नं, सगळं बोलायचो. मला वाटायचं तू विसरलीस. असं वाटून घेणं सोपं होतं.

वर्ष गेलं. मग तू मागच्या खोलीत पडलीस आणि तुला परभणीच्या दवाखान्यात आणलं. सहा दिवस मी तुझ्या उशाशी होते. रेणूला कळवलं. "मला सुट्टी न्हाई," म्हणाली. मी रागावले नाही. कोणत्या तोंडानं रागावणार? तू डोळे मिटून पडलेली, यंत्राचा आवाज, नर्स येऊन सलाईन बदलून जायची. त्या सहा दिवसांत मी तुझे केस विंचरले, तळपायाला तेल लावलं. ते एक वाक्य तेवढं बोलले नाही. रोज वाटायचं, उद्या शुद्धीवर आली की बोलू.

आता पार्सलचं. ते टेबलावर पडून होतं. रेणू माती झाल्यापासून घरीच थांबलेली. तिनं खोकं हातात घेऊन पत्ता वाचला. तू तो एकटीनं टाकला असशील, चाचपडत. गल्लीचं नाव दोनदा आलंय आणि पिनकोडच्या जागी निम्मा फोन नंबर. रेणू म्हणाली, "एवढं होऊनसुद्धा मागवतच होती. अजून कुणाच्या पेट्या उघडायच्या राहिल्या होत्या?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी त्या दिवशीही बोलले नाही. शनिवार गेला. काल रविवारी सकाळी ती भाजी निवडत बसली होती, मेथीची, आणि मी भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्याकडं पाठ करूनच म्हणाले, "रेणू, पेटी अक्कानं उघडली नव्हती. मी चावीवाला बोलावला होता. अक्काला आधी म्हणाले होते. ती न्हाई म्हणाली."

भाकरी करपली. मी ती काढली नाही.

"मावशीला माहीत होतं? मी तिच्यावर आळ घेतलाय ते?"

"हो."

"मग ती बोलली का न्हाई?"

मी तुझं वाक्य तिला जसंच्या तसं सांगितलं. मावशी एक गेली तर चालतंय थोडे दिवस.

रेणूनं मेथीची काडी हातात धरलेली होती. ती तिनं पानांच्या ढिगात टाकली, मग परत उचलून काड्यांत टाकली. "तिनं मला तीन वेळा फोन केला होता, आई. वाढदिवसाला एकदा. मी उचलला न्हाई." मग ती उठली. आत जाऊन बॅग भरली. दुपारच्या एसटीनं जाते म्हणाली. मी डबा दिला, तो घेतला नाही. दारात चपला घालताना वर न बघता तिनं विचारलं, "सहा दिवस तू तिच्याजवळ होतीस. तिला म्हणालीस का, मी रेणूला खरं सांगते म्हणून?"

"ती शुद्धीत नव्हती गं."

"तरी म्हणायचं होतं," रेणू म्हणाली आणि गेली.

तिचा फोन आलेला नाही. गोळी घेतली का हे विचारायचा हक्क आता मला उरला आहे की नाही, कळत नाही. ह्यांना काल सगळं सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला, थोडा वेळ बसले आणि बाहेर फिरायला गेले. तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. काहीच म्हणाली नसतीस, पाणी मागितलं असतंस. तुझं हे न बोलणं मला आयुष्यभर आधाराचं वाटत आलं, अक्का. त्याचा मी किती फायदा घेतला ते आता दिसतंय. पोर असतं म्हणजे कळलं असतं, असं मी तुला म्हणाले होते. माझ्या पोरीसाठी काय करायला हवं ते तुला माझ्याआधी कळलं होतं. त्याची माफी राहिली. ती आता कुणाकडं मागू?

आज सकाळी अण्णाला फोन केला. आधी पार्सलचं सांगितलं, की ती किसणी नव्हती, तुझ्या कुलपांचं सामान होतं. मग पेटीचं सांगितलं. तो मधेच थांबवेल असं वाटलं होतं, पण त्यानं सगळं ऐकून घेतलं. मागं दुकानात कुणीतरी गिऱ्हाईक सुतळीचा भाव विचारत होतं, त्याला तो उत्तर देईना.

"मंगे," शेवटी तो म्हणाला, "मी तिला ताटावर बोललो होतो गं. ती उठली न्हाई. पूर्ण जेवली."

"मला माहीत हाय," मी म्हणाले. "सांगितलं होतं तिनं."

 गिऱ्हाईक निघून गेलं असावं, कारण मागचा आवाज बंद झाला. आम्ही दोघं बहीणभाऊ फोन कानाला लावून तसेच बसून राहिलो. आधी कुणी ठेवायचा, हे दोघांनाही समजत नव्हतं.